इलेक्ट्रॉनिक ड्रमवरील झांज : जोडणी आणि जुळवणी

पैठण रस्त्यावरील चितेगावसारख्या कारखान्यांच्या परिसरातील गावात रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा झोपतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांचे बंधन असते. अशा वस्तीत ड्रमचा सराव करावयाचा, तर हेडफोन लावून वाजविता येणारा इलेक्ट्रॉनिक ड्रम हाच सोयीचा पर्याय होय.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेला ‘ऑक्टापॅड’ आपल्याकडील ऑर्केस्ट्रात चांगलाच रुळला. इलेक्ट्रॉनिक ड्रम संचात मात्र प्रत्येक झांजेसाठी रबरी आवरणाचे स्वतंत्र पॅड असते. त्याच्या पोटात आघात टिपणारा पिझो संवेदक आणि कडेला दाबाने जुळणारा स्विच असतो. पिझोमुळे पृष्ठभागाचा, तर स्विचमुळे कडेचा नाद उमटतो. कड बोटांनी दाबून धरली, की खऱ्या झांजेप्रमाणे नाद तुटतो.

जोडणीपूर्वी संच बंद करावा व अॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण उतरवावा. दोन विभागांच्या झांजेला स्टीरिओ केबलच हवी. पिनेवर दोन काळी वलये असली, तर ती स्टीरिओ. एकच असले, तर मोनो. मोनो केबल लावल्यास पृष्ठभाग वाजतो; परंतु कड आणि नाद तोडण्याची सोय, दोन्ही निकामी होतात. अनेकदा बिघाड पॅडमध्ये नसून केबलमध्येच असतो, हे दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी पाहावे. मधला घुमट स्वतंत्रपणे वाजणाऱ्या राइड झांजेसाठी रोलँडच्या काही पॅडना दोन केबल लागतात. यामाहाच्या काही पॅडना एकच पुरते. त्यामुळे एका कंपनीचे पॅड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला जोडल्यास सर्व विभाग वाजतीलच असे नाही.

त्यानंतर यंत्रावर पुढील क्रमाने जुळवणी करावी :

१. प्रथम पॅडचा प्रकार निवडावा. तो चुकल्यास पुढील सर्व मापे चुकतात.

२. हलका व जोरदार आघात करून संवेदनशीलता ठरवावी. मध्यम आघातालाच कमाल आवाज येत असेल, तर ती कमी करावी.

३. न वाजविता नाद उमटत असल्यास किमान आघाताची मर्यादा थोडी वाढवावी. ती फार वाढविल्यास हलके ठोके हरवतात.

४. एका आघातास दोन नाद आल्यास पुनराघात रोखणारा कालावधी वाढवावा. तो अती झाल्यास जलद ठोके गळतात.

५. शेजारचा ड्रम वाजविताच झांज बोलू लागली, तर आधी स्टँडचे स्क्रू तपासावेत आणि मगच परस्पर-प्रभाव कमी करणारे माप बदलावे.

संगणकावर ध्वनिमुद्रण करताना जनरल मिडी संकेतानुसार क्रॅश झांजेला ४९, राइडला ५१ आणि राइडच्या घुमटाला ५३ हा स्वरक्रमांक असतो. कड दाबल्यावर भलताच आवाज आल्यास हे क्रमांक तपासावेत.

एका वेळी एकच माप बदलावे, जुने माप वहीत टिपून ठेवावे आणि कार्यक्रमास निघताना एक जादा स्टीरिओ केबल सोबत घ्यावी.