टाळेबंदीतील मोटारींचे सौदे

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांमधील सीमा तशी फार जुनी नव्हे. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके स्वातंत्र्य मिळेपर्यंत सातारा जिल्ह्याचेच होते. संस्थाने विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा या नावाचा नवा जिल्हा अस्तित्वात आला, आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सांगली हे नाव प्राप्त झाले. कागदावर रेषा पडली खरी. परंतु सोयरीक, ऊस, बाजार आणि देवाची यात्रा यांनी ती कधी मनावर घेतली नाही. कराडचा मनुष्य पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळताना आपण जिल्हा ओलांडला हे त्याच्या ध्यानीमनीही येत नसे. ती रेषा भिंत होऊन उभी राहिली मार्च २०२० मध्ये.

त्या महिन्याच्या ९ तारखेस पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले. २३ मार्च रोजी राज्यात संचारबंदी जाहीर होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि २५ पासून सर्व देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच आठवड्यात त्या वेळच्या इस्लामपुरात परदेशाहून परतलेल्या एका कुटुंबात रोग दिसून आला, व त्या कुटुंबाच्या संबंधातील बाधितांची संख्या पाहता पाहता विसाच्या पुढे गेली. साहजिकच सांगलीच्या वेशीवरचा पहारा अधिकच कडक झाला. ज्या कायद्याच्या आधाराने हे निर्बंध घातले गेले त्यांतील एक १८९७ चा, म्हणजे प्लेगाच्या पहिल्या साथीतला. त्या साथीत गावे ओस पाडून माणसे माळावर झोपड्या बांधून राहिली होती. या वेळी माणसे घरातच राहिली आणि दारापुढची वाहने तेवढी धूळ खात उभी राहिली.

अशा दिवसांत जुनी मोटार विकत घेण्याची गोष्ट कोणास सुचावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. धान्य आणि औषध यांची भ्रांत असताना मोटार ही चैनच नव्हे काय? परंतु ज्या घरात मिरजेच्या किंवा कराडच्या इस्पितळात आठवड्यातून दोनदा न्यावयाचा रोगी होता, त्या घरास हा प्रश्न चैनीचा नव्हता. एस.टी. बंद होती, आगगाडी बंद होती, शेजाऱ्याच्या मोटारीत बसावयाचे तर त्याच्या मनात धाकधूक. पुढे निर्बंध थोडे सैल झाले तेव्हाही दुचाकीवर मागे दुसऱ्यास बसविण्याची मनाई होती, व चारचाकीत चालकाखेरीज दोघांनाच मुभा होती. चार भिंतींप्रमाणे चार दारे असलेले, आपल्याच घरच्या माणसांचे वाहन असावे, ही इच्छा मध्यम स्थितीतल्या कुटुंबांत प्रबळ झाली.

नवी मोटार तर मिळणे अशक्य होते. १ एप्रिल २०२० पासून जुन्या प्रदूषण-मानकाची, म्हणजे बी.एस. ४ ची, नवी मोटार विकू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय दीड वर्ष आधीच झालेला होता. आणि नेमक्या त्याच सुमारास दुकानांना कुलपे लागली. देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने, मारुतीने, एप्रिल २०२० मध्ये देशात एकही गाडी विकली नाही. जुन्या मोटारींचे व्यापारी व दलालही घरी बसलेले. उरला तो एकच मार्ग : ज्याच्या दारात गाडी आहे त्याने, ज्यास हवी आहे त्यास, परस्पर विकावी.

विकणारेही पुष्कळ होते. साताऱ्याच्या पाटण-जावळीकडची कितीतरी माणसे मुंबईत माथाडीचे काम करतात; खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या कामासाठी देशाच्या सर्व भागांत पसरलेले आहेत. यांतील अनेकजण त्या उन्हाळ्यात गावी परतले. धंदा थांबलेला, हाती रोकड नाही आणि दारात एक मोटार, अशी कित्येकांची स्थिती. गलाईवाल्यांपैकी काहींच्या गाड्यांवर तर परराज्यांच्या पाट्या. त्यामुळे पुढे कागदांचा आणखी एक गुंता उद्भवला.

या मुलखास परस्पर सौद्याची सवय नवी नाही. खरसुंडीच्या आणि पुसेगावच्या यात्रेत खिलार बैलांचे सौदे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. तेथे घेणारा बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, कातडीवरचे भोवरे पाहतो, चार पावले चालवून बघतो. मग उपरण्याखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी किंमत ठरते, चारचौघांसमोर इसार दिला जातो आणि बैलाची दोरी या हातातून त्या हातात जाते. मोटारींच्या व्यवहाराने हीच रीत जवळजवळ जशीच्या तशी उचलली होती. दातांच्या ठिकाणी टायर आले, खुरांच्या ठिकाणी ब्रेक. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकणारा ओळखीचा मिस्त्री आला. चार पावलांच्या जागी हमरस्त्यावरची पाच मैलांची फेरी आली. इसार मात्र इसारच राहिला. २०२० च्या चैत्रात यात्राच भरल्या नाहीत. जेथे हात मिळविणेच वर्ज्य, तेथे उपरण्याखालची बोटे कोठून मिळावयाची? बैलांचा बाजार सरळ बंद पडला. मोटारींचा मात्र पडला नाही, आणि याचे कारण म्हणजे प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल.

साताऱ्यातील गाडीची छायाचित्रे सांगलीत जाऊ लागली. प्रथम विकणारे हौशीने धुतलेल्या गाडीची चारी बाजूंची चित्रे पाठवीत. घेणारे लवकरच शहाणे झाले व भलत्याच गोष्टी मागू लागले : गालिचा उचलून खालचा पत्रा दाखवा, आसनाखालच्या लोखंडी पट्ट्या दाखवा, मागच्या डिकीतील जादा चाकाची खोबण दाखवा. ही चौकशी उगाच नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीत आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली होती; तेथे धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. त्या पुरात बुडालेली वाहने स्वच्छ होऊन पुन्हा रस्त्यावर आली होती. वरून रंग कितीही चमकला, तरी पट्ट्यांच्या सांधीत बसलेला गाळ आणि तारांच्या जोडावर धरलेला हिरवट गंज लपत नाही. वास मात्र छायाचित्रातून येत नाही, आणि बुडालेली गाडी ओळखण्याची पहिली खूण म्हणजे तो कुबट वासच. तेव्हा सांगलीकराने साताऱ्याची गाडी निश्चिंतपणे घ्यावी व सातारकराने सांगलीची घेताना दहा प्रश्न विचारावेत, असा प्रकार झाला. बिचाऱ्या विश्रामबागेच्या उंचावरील गाडीवरही हा संशय फिरला, हा थोडा अन्यायच होय.

दुसरी परीक्षा थंड इंजिनाची. मोबाइल चालू ठेवून, गाडी सकाळी पहिल्यानेच सुरू करून दाखवावी लागे; कारण तापलेले इंजिन आपले दुखणे लपविते. येथे अनेक सौदे फसले, आणि ते लबाडीमुळे नव्हे. दोन-तीन महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरलेली असे, टायर एका बाजूस चेपलेले असत, आणि ग्रामीण भागात उंदरांनी तारा कुरतडलेल्या असत. प्रामाणिक विक्रेत्याची चांगली गाडीही पडद्यावर नुसती टकटक करून मुकी राही. काही घेणाऱ्यांनी विक्रेत्याच्याच गावचा एखादा मिस्त्री शोधून, त्यास यूपीआयने मेहनताना धाडून, आपल्या वतीने गाडी पाहावयास लाविले. परगावच्या, कधी न पाहिलेल्या मिस्त्र्याच्या शब्दावर लाखो रुपयांची वस्तू घेणे, हा या साऱ्या काळातील विश्वासाचा सर्वांत मोठा व्यवहार म्हटला पाहिजे.

प्रत्यक्ष गाडी ताब्यात घेणे हा निराळाच खटाटोप. जिल्ह्याबाहेर जाण्यास पोलिसांचा ई-पास लागे, आणि मोटार पाहावयास जावयाचे आहे हे निकडीचे कारण म्हणून सांगणे अवघडच. म्हणून ठरलेला सौदा आठवडेच्या आठवडे लोंबकळत राही. यातील एक विसंगती तर इतिहासात नमूद करण्यासारखी आहे. २० ऑगस्ट २०२० पासून जिल्ह्याजिल्ह्यांत एस.टी. सुरू झाली व तिच्या प्रवाशास पासाची गरज नव्हती. परंतु स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यास २ सप्टेंबरपर्यंत पास आवश्यकच होता. तेव्हा ते तेरा दिवस असे होते की, सांगलीच्या मनुष्यास साताऱ्यास गाडी घेण्यासाठी एस.टी.ने बिनपरवाना जाता येई, पण घेतलेली गाडी घेऊन परवान्यावाचून परत येता येत नसे.

पैशाचा भाग त्या मानाने सोपा गेला. दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासूनच बंदी होती. बँकेतून पैसे पाठविण्याची एन.ई.एफ.टी. ही सोय डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र चालू झाली होती. अडचण येई ती कर्ज असलेल्या गाडीची. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. त्यामुळे विक्रेत्याच्या समजुतीपेक्षा कर्जाची बाकी अधिक निघे. आणि ती फिटून बँकेचा ना-हरकत दाखला व ३५ क्रमांकाचा नमुना हाती आल्याखेरीज नोंदणीपुस्तकावरील बोजा उतरत नसे.

परंतु खरा धोका पुढेच होता. बैलाची दोरी हातातून सुटली की जबाबदारीही सुटते. मोटारीची किल्ली सुटली म्हणजे ती सुटत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. त्यासाठी २९ व ३० हे नमुने. परराज्यातील गाडीस याखेरीज तेथील ना-हरकत दाखला, नमुना २८. आता परिवहन कार्यालयेच बंद होती; पुढे उघडली तीही वेळ नेमून, थोड्या थोड्या माणसांसाठी. तेव्हा विकणाऱ्याने कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून द्याव्यात, आणि ‘कार्यालय उघडले की नावावर करून घेतो’ एवढ्या शब्दावर गाडी जावी, असे सर्रास घडले. ही वाईट खोड टाळेबंदीपूर्वीचीच. टाळेबंदीने तिला सबब मिळवून दिली.

या सबबीचे मोल काय होते हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगून ठेविले होते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती. नोंद मात्र पहिल्याच्याच नावे राहिली. २००९ साली अपघात होऊन एक मूल दगावले. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीतील मालकावरच टाकली. दगावलेल्या मुलाच्या माणसांनी विक्रीच्या साखळीतील शेवटचा मनुष्य शोधीत गावोगाव फिरावे, हे न्यायाचे नव्हे, अशी त्यामागील दृष्टी होती. आणि ती रास्त आहे. पुढे ऐन साथीतच, जून २०२० मध्ये, सुरेंद्रकुमार भिलावे यांच्या मालमोटारीच्या दाव्यात न्यायालयाने हीच व्याख्या विमा कंपनीविरुद्ध लावली : नोंद ज्याच्या नावे, तोच मालक, सबब भरपाई त्यास दिली पाहिजे. एकच तत्त्व एकास बुडविते आणि दुसऱ्यास तारते.

सरकारने सवलती दिल्या त्यांतूनही गैरसमज पसरले. १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेले परवाने, नोंदणी, योग्यता-दाखले ग्राह्य धरावेत, असा आदेश ३० मार्च रोजी निघाला व त्याची मुदत वाढत वाढत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. याचा अर्थ काहींनी असा केला की, सर्वच कागदांना मुदतवाढ आहे. विम्याची गोष्ट निराळी होती; त्याच्या नूतनीकरणास मिळालेली स्वतंत्र सवलत मे २०२० च्या मध्यास संपली. पुढील दीड वर्ष किती गाड्या विम्यावाचून आणि दुसऱ्याच्या नावावर या दोन जिल्ह्यांत हिंडल्या असतील, याचा विचार केला तर अंगावर काटा येतो. नोंदीतील जुन्या मालकास त्याची पहिली वार्ता लागे ती बहुधा मोबाइलवर आलेल्या दंडाच्या चलनाने : गाडी विकून सहा महिने झाले, आणि कोठल्यातरी चौकात सिग्नल मोडल्याचा दंड आपल्या नावे!

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने आधारच्या ओळखीवर परिवहन खात्याच्या अठरा सेवा घरबसल्या उपलब्ध केल्या. हस्तांतराची सूचना आणि अर्ज ही त्यांतच होती. त्यानंतर महिन्याभरात दुसरी लाट आली, एप्रिलच्या अखेरीस ई-पास पुन्हा लागू झाला. जुलैत कृष्णेला परत महापूर येऊन आयर्विन पुलापाशी पाणी पंचावन्न फुटांच्या घरात पोहोचले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याच्या बहुतेक भागांत निर्बंध सैल झाले. सातारा व सांगली मात्र ज्या अकरा जिल्ह्यांत ते कायम राहिले त्यांत होते. तेव्हा गालिचा उचलून दाखविण्याची मागणी पुन्हा सुरू झाली.

मधल्या दलालाचे स्थान कायद्यात निश्चित होण्यास १ एप्रिल २०२३ उजाडावा लागला. त्या दिवसापासून जुन्या मोटारींच्या अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी देऊन तशी सूचना नोंदणी अधिकाऱ्यास दिली की, गाडी पुढे विकली जाईपर्यंत तो व्यापारीच मालक मानला जातो. शेजाऱ्याने शेजाऱ्यास, किंवा सातारकराने सांगलीकरास परस्पर गाडी विकली तर तेथे हा नियम पोहोचत नाही. तेथे अजून तेच दोन नमुने, तेच चौदा आणि तीस दिवस. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी गाडीचा क्रमांक बदलत नाही. म्हणून सांगलीच्या रस्त्यांवर एम.एच. ११ ची आणि साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एम.एच. १० ची पाटी आजही दिसते. तिच्यामागे नाव कोणाचे आहे, हे पाटी पाहून कळत नाही.