संमतिवयाचा वाद : मुलींच्या शरीराची साक्ष

रत्नागिरीला आलात की टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान तुम्ही पाहता. स्त्रियांच्या आरोग्याशी जोडलेल्या एका मोठ्या वादात ते कायद्याच्या विरोधात उभे होते, हे मात्र तिथे सहसा कुणी बोलत नाही.

त्या काळी पत्नीचे वय १० पूर्ण झाले, की नवऱ्याची जबरदस्ती बलात्कार ठरत नसे. कलकत्त्यात फुलमणी नावाची १०-११ वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संबंधामुळे रक्तस्राव होऊन मरण पावली. १८९० मध्ये खटला चालला, पण बलात्काराचा गुन्हा लागूच होईना. नवऱ्याला वर्षभराची कैद झाली. त्यानंतर ५५ स्त्री डॉक्टरांनी सरकारकडे अर्ज केला आणि सोबत आपण उपचार केलेल्या मुलींच्या दुखापतींची यादी जोडली. त्यांची मागणी १४ वर्षांची होती.

त्या डॉक्टरांनी काय पाहिले असेल? या वयात संप्रेरके कमी असल्याने योनीचे अस्तर पातळ असते, ते सहज फाटते. जखमेतून जंतुसंसर्ग गर्भाशयात, गर्भनलिकांत चढला तर नलिका चिकटतात. पुढे वंध्यत्व येते किंवा गर्भ नळीतच राहतो. दिवस गेलेच, तर कटीची हाडे अजून वाढत असल्याने बाळ अडते. डोक्याच्या दाबाने मूत्राशयाला भोक पडते आणि लघवी सतत गळत राहते. अशा मुलीला घरात कोण जवळ बसवणार?

परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा होता. उलट रत्नागिरीच्याच शाळेत शिकलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रांच्याच आधारे कायद्याची बाजू मांडली. मला स्वतःला या वादातले सगळ्यात वजनदार कागद डॉक्टरांचे वाटतात. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला, पण वय फक्त १२ केले.

पत्नी १८ वर्षांखालील असेल तर असा संबंध बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला २०१७ उजाडले. लैंगिक अत्याचारानंतरचे धोके मोठ्या वयातही असतात : संसर्ग, नको असलेली गर्भधारणा, ओटीपोटात वर्षानुवर्षे दुखणे. म्हणून तुमच्या ओळखीत कुणावर असा प्रसंग आला, तर तिला लगेच रुग्णालयात न्या. एचआयव्ही रोखणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने उपचार मोफत करायचे असतात, आणि त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार केलेली असण्याची अट नाही.