रजिस्टरातली बाई

इंग्लंडमधल्या एखाद्या साध्यासुध्या बाईची वंशावळ काढायला बसलं, की पहिली अडचण आडनावाची. लग्न झालं की माहेरचं नाव मागे पडतं. जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली जुलै 1837पासून. त्याआधीचं सगळं चर्चच्या रजिस्टरांत. 1754पासून तिथे नवरानवरीची सही घेऊ लागले. लिहिता न येणारी नवरी फुली मारी. कितीतरी जणींच्या हातची तेवढीच खूण उरली आहे!

जनगणनेत बायकोच्या कामाचा रकाना बहुधा कोरा. 1911 साली मात्र विवाहितेबद्दल विचारलं: मुलं किती झाली, किती हयात, किती गेली?

हॅना कलविक हा अपवाद. श्रॉपशरमधल्या शिफनल गावात 1833 साली एका खोगीरवाल्याच्या घरी जन्मलेली ही मोलकरीण घासलेली भांडी, साफ केलेल्या शेगड्या, पुसलेले बूट, सगळं रोजनिशीत टिपून ठेवी. ते लिहायला लावलं आर्थर मन्बी या सुशिक्षित गृहस्थाने. 1873मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केलं, तरी चारचौघांत ती त्याची मोलकरीणच राहिली. 1909मध्ये ती वारली. मन्बीने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजला दिलेल्या पेट्या 1950 साली उघडल्या, तेव्हा कुठे तिच्या रोजनिश्या उजेडात आल्या.