एका आरोपाची कुळकथा

अशोकाने तलवार म्यान केली, अहिंसेने फौज मऊ पडली आणि मौर्य साम्राज्य कोसळले. हे आपण इतक्यांदा ऐकलेले असते, की समज पुराणकाळापासून चालत आला असावा असे वाटते. पुराणांत मात्र त्याचा मागमूस नाही. मौर्यांनी १३७ वर्षे राज्य केले, मग सेनापती पुष्यमित्राने बृहद्रथाला दूर करून गादी घेतली, एवढे सांगून ती पुढच्या घराण्याकडे वळतात. अशोकाला बोल नाही.

आरोप करायला आधी आरोपी सापडावा लागतो. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडली, तेव्हा कुठे शिलालेखांतला अशोक बोलू लागला. १९१० मध्ये हरप्रसाद शास्त्र्यांनी मांडले, की पशुबळीच्या बंदीने आणि धम्ममहामात्रांच्या नेमणुकीने ब्राह्मण दुखावले, पुष्यमित्राचे बंड ही त्याचीच परिणती. हेमचंद्र रायचौधुरींनी हे खोडून काढले. अशोक तर ब्राह्मण आणि श्रमण, दोघांनाही दान द्या म्हणतो. पण गंमत अशी, की अहिंसेने लष्करी बळ खचले, हा दुसरा ठपका त्यांनीच पक्का केला. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांचाही सूर तोच. पुढे सावरकरांच्या ‘सहा सोनेरी पानां’त पुष्यमित्राला स्वतंत्र पान मिळाले, मराठी वाचकाच्या मनात हा समज मुरला तो बराचसा तिथूनच, असे मला वाटते. ‘आपण का हरलो?’ या प्रश्नाने पोळलेल्या पिढ्या होत्या त्या. उत्तर अशोकाच्या माथी आले.

शिलालेख मात्र साथ देत नाहीत. कलिंगाचा पश्चात्ताप ज्या तेराव्या लेखात आहे, त्यातच जंगलातल्या आटविकांना दम भरला आहे: पश्चात्ताप झाला तरी हातात बळ आहे. कलिंग परत केले नाही. देहदंडही उठवला नाही, फक्त तीन दिवसांची मुदत दिली. शिवाय बाणभट्ट ‘हर्षचरिता’त सांगतो, की बृहद्रथाचा घात झाला तो सगळे सैन्य दाखवण्याच्या मिषाने. मोडकळीला आलेल्या फौजेचे असे प्रदर्शन कोण मांडतो? आणि बाण स्वतः ब्राह्मण असून पुष्यमित्राला ‘अनार्य’ म्हणतो, हे शास्त्र्यांच्या मांडणीला जड जाणारे.

धर्म सोडून दुसरीकडे पाहणारे पुढे आले. दामोदर कोसंबींनी आहत नाणी तराजूत तोलली. उत्तर मौर्यकाळात चांदीतली तांब्याची भेसळ वाढलेली त्यांना दिसली. म्हणजे तिजोरीवर ताण होता. रोमिला थापरांनी १९६१ मध्ये बोट ठेवले ते राज्ययंत्रावर. अधिकाऱ्यांची निष्ठा राज्याशी नव्हती, राजाशी होती. राजा बदलला की तीही बदलायची. आणि अशोकानंतरच्या जेमतेम अर्धशतकात पाटलिपुत्राच्या गादीवर किती राजे आले, यावर पुराणांचेच एकमत नाही.