न्हाणीमागच्या जांभळी

आमचं घर अंबरनाथ नि बदलापूरच्या मधल्या एका पाड्यात, उल्हास नदीच्या उतारावर. मी लहान असताना घरामागच्या न्हाणीला भिंत नव्हती. सांडपाण्यावर केळी, त्यामागं करवंदीची जाळी आणि रस्त्याच्या कडेला तीन जांभळी. घरातल्या बायांना तेवढाच आडोसा. केळ लवकर वाढते. घड उतरला की ते खोड संपतं, पण शेजारचे मुनवे जागा भरून काढतात. करवंदीतून गुरू शिरत नाही की माणूस. जांभूळ तर भर उन्हाळ्यातही हिरवीगार. सीताफळ ऐन चैत्रात उघडं पडतं, म्हणून आज्यानं ते परसात लावलं पण न्हाणीकडं लावलं नाही.

या आडोशाची किंमत वडलांना कॅम्पात कळली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कल्याणजवळ सैन्याची छावणी पडली. फाळणीनंतर तिथल्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीची पायाभरणी होऊन उल्हासनगर हे नाव मिळालं. पण आमच्याकडं अजूनही सगळे 'कॅम्प'च म्हणतात. वडील तिथं भाजी विकायला जात. एका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मधे गोणपाट नाहीतर लुगड्याचा पडदा. एकदा एका म्हातारीनं भाजीऐवजी केळीचा मुनवा मागितला. वडलांनी दुसऱ्या दिवशी चार नेऊन दिले. वडील ही गोष्ट सांगताना दर वेळी म्हणायचे, "घरदार सोडून आलेली बाई, पण आधी आडोसा मागितलान."

एवढं ऐकूनही मी शहाणा झालो नाही. गावात घरं पक्की व्हायला लागली, तशी मलाही हौस आली. १९९३ साली जांभळी तोडल्या, करवंदी खणली आणि सहा फुटांची सिमेंटची भिंत घातली. आय म्हणाली, "भिंतीला काय फळ येणार हाय?" मी हसण्यावारी नेलं.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी गावात शिरली. पाण्यानं भिंत आडवी केली. ती पुन्हा बांधायला पैसे नव्हते. तोवर मागच्या जमिनीवर चार मजली इमारत उभी राहिली होती. तिच्यापुढं सहा फुटांची भिंत असून तरी काय उपयोग? वरच्या खिडक्यांतून आमचं सगळं परस दिसायचं. आय बाहेरच्या न्हाणीत जायची बंद झाली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, अंधारात, मोरीवर दोन तांबे घ्यायची. साठ वर्षं उजेडात न्हालेली बाई.

त्याच पावसाळ्यात मी पुन्हा जांभळीची चार रोपं लावली, पंधरा-पंधरा फुटांवर, आणि पुढं तीन-तीन फुटांवर करवंदी. खणून टाकलेल्या करवंदीची काही मुळं राहिली होती, तीही फुटली. आय रोज विचारायची, "जांभळी किती झाल्या रे?" मी हात वर करून उंची दाखवायचो. बियांपासून वाढवलेली जांभूळ फळायला आठ-दहा वर्षं लागतात. २०११ साली आय गेली तेव्हा झाडं पहिल्या मजल्याच्या खिडकीशी टेकली होती. तिला ती न्हाणी परत मिळालीच नाही. झाडं तोडताना मला तिला विचारायचं सुचलं नव्हतं.

आता झाडं तिसऱ्या मजल्याच्या वर गेलीत. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकनही मिळालं, त्यामुळं जूनमध्ये भावही बरा येतो. मागच्या वर्षी इमारतीतली एक बाई दारात आली. "काका, तुमची फांदी आमच्या खिडकीत आलीय." मला वाटलं, आता तोडायला सांगणार. शहराच्या हद्दीत झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागते, ते सांगायची मी तयारी केली.

ती म्हणाली, "तोडू नका हं. इतकी वर्षं तुमचं अंगण समोर दिसतं म्हणून आम्ही खिडकी लावून बसायचो. आता उघडी ठेवता येते."

मी तिला जांभळांची टोपली दिली.