एका पावसाळ्यापुरती लीग

2016 साल म्हणलं की आम्हा लातूरकरांना आधी रेल्वेनं आलेलं पाणी आठवतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन स्टेशनात आली. त्या वर्षाबद्दल दुसरं काही आठवत नाही, आणि त्यात कुणाची चूक पण नाही.

पण त्याच वर्षी आपल्या पोरींच्या खेळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या होत्या. त्या आपण विसरून गेलो. आज त्यावर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट फेब्रुवारीतली. गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो होता. भारतीय मुलींनी फायनलमध्ये नेपाळला हरवून सुवर्ण घेतलं. कॅप्टन होती सारिका काळे, आपल्या शेजारच्या उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची. लहानपणी घरात एक वेळचं जेवण मिळायचं, हे तिनं स्वतः सांगितलेलं आहे. पुढं 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार तब्बल 22 वर्षांनी मिळत होता.

दुसरी गोष्ट जून-जुलैतली. टीव्हीवर प्रो कबड्डीचा चौथा हंगाम चालू होता आणि त्याच्याच जोडीला पहिल्यांदा बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली. नाव विमेन्स कबड्डी चॅलेंज. संघ तीनच. आइस दिवाजची कॅप्टन आपली मुंबईची अभिलाषा म्हात्रे, फायर बर्ड्सची ममता पुजारी आणि स्टॉर्म क्वीन्सची तेजस्विनी बाई. 31 जुलैला रविवारी हैदराबादेत फायनल झाली. स्टॉर्म क्वीन्सनं फायर बर्ड्सला 24-23 असं हरवलं. एका गुणानं! त्याच दिवशी, त्याच शहरात पुरुषांची फायनल होती. ती पाटणानं 37-29 अशी जिंकली. आठ गुणांचा फरक. म्हणजे त्या दिवशी जास्त रंगलेली मॅच कोणती, ते आकडेच सांगतात.

ती मॅच मी घरी बघितली. आमच्या गल्लीतली एक पोर तेव्हा नववीत होती, शाळेच्या कबड्डी संघात. त्यांच्या घरी केबल बंद होतं म्हणून ती आमच्याकडं येऊन बसली होती. मॅच संपली तसं तिनं विचारलं, "काका, ह्यांना खेळायचे पैसे मिळतात का?"

म्हणलं, "मिळतात की. लीग आहे ती."

"दर वर्षी असणारंय का?"

म्हणलं, "असणार ना, पुरुषांची नाही का होत!"

चुकलो मी. त्या लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही. पुरुषांची प्रो कबड्डी 2014 ला सुरू झाली आणि 2025 पर्यंत तिचे 12 हंगाम झाले. मुलींच्या वाट्याला त्या छत्रीखाली एकच पावसाळा आला. मधे दुसऱ्या आयोजकांनी 2023 ला दुबईत आणि 2025 ला गुरुग्रामला मुलींचे संघ उतरवले. पण "यंदा आहे, पुढच्या वर्षी पण आहे" असं कुठल्या पोरीला छातीवर हात ठेवून सांगता येईल, असं काही उभं राहिलं नाही.

आता कुणी म्हणेल, बायकांच्या खेळाला प्रेक्षक नाही, दर्जा नाही, म्हणून बंद पडली असेल. मग जरा इतिहास बघू.

कबड्डीची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा 1952 ला मद्रासला सुरू झाली आणि मुलींची 1955 ला कलकत्त्याला. फक्त तीन वर्षांचं अंतर. खो-खोची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 ला विजयवाड्यात झाली, बायकांची लगेच पुढच्या वर्षी आपल्या कोल्हापुरात. म्हणजे सुरुवातीला आपण मागं नव्हतोच. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या खेळात मुलींना बरोबरीचा वाटा देणारा कायदा 1972 चा आहे. त्याच्या कितीतरी आधी आपल्या पोरी राष्ट्रीय मैदानावर पळत होत्या.

अंतर पडलं ते पुढच्या पायरीला. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीला पदक 1990 पासून आहे. बायकांची कबड्डी तिथं यायला 2010 उजाडलं. वीस वर्षं! आणि आल्या तशा जिंकल्या. 2010 ला सुवर्ण, 2014 ला सुवर्ण. मधे 2012 ला पाटण्यात बायकांचा पहिला विश्वचषक झाला, फायनलला इराणला 25-19 नं हरवलं. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. राज्य सरकारनं तिघींना प्रत्येकी 1 कोटी जाहीर केले.

2018 ला जकार्तात मात्र हरलो. इराणनं फायनलमध्ये 27-24 नं हरवलं. आणि इराणची कोच कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर इथं पोरी घडवलेली बाई. भारताच्या संघाची जबाबदारी काही त्यांच्याकडं आली नाही, म्हणून तेहरानला गेल्या, तिथल्या मुलींना शिकवलं आणि आपल्यालाच हरवून दाखवलं. या गोष्टीवर टाळ्या पण वाजवाव्या वाटतात आणि मान खाली पण जाते. आपल्याकडं खेळाडू होत्या, शिकवणारी होती. त्यांना धरून ठेवणारी व्यवस्था तेवढी नव्हती.

आता बाहेरचं एक उदाहरण बघू, कारण "तोट्यात लीग कशी चालवणार" याचं उत्तर तिथं सापडतं.

अमेरिकेत बायकांच्या बास्केटबॉलची व्यावसायिक लीग एका फटक्यात उभी राहिलेली नाही. 1978 ला एक सुरू झाली, तीन हंगामांत 1981 ला बंद पडली. 1996 ला दुसरी निघाली, तिचं 1998 च्या डिसेंबरात, ऐन हंगामात दिवाळं निघालं. 1997 ला तिसरी आली, डब्ल्यूएनबीए. आठ संघ. पहिल्या वर्षी अंतिम मालिका वगैरे काही नव्हतं, एकच मॅच. 30 ऑगस्ट 1997 ला ह्यूस्टन कॉमेट्सनं न्यूयॉर्क लिबर्टीला 65-51 नं हरवलं आणि खेळ खल्लास.

पुढच्या वर्षी फायनल तीन सामन्यांची झाली. 2005 ला पाच सामन्यांची. 2025 ला सात सामन्यांची, म्हणजे पुरुषांच्या एनबीए इतकीच. त्या पहिल्याच सात सामन्यांच्या मालिकेत लास व्हेगास एसेसनं फिनिक्स मर्क्युरीला सलग चार मॅचमध्ये गारद केलं. एका मॅचपासून सात मॅचपर्यंत जायला 28 वर्षं लागली.

ती 28 वर्षं सुखाची नव्हती. सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो. पहिले चारही किताब, 1997 ते 2000, ओळीनं जिंकणारा ह्यूस्टनचा संघ 2008 मध्ये चक्क बंद पडला. चार वेळचा चॅम्पियन! तरी लीग चालूच राहिली. आधीच्या दोन बुडाल्या आणि ही तिसरी तगली, कारण तिच्यामागं पुरुषांची श्रीमंत लीग होती. 2002 पर्यंत तर सगळे संघ एनबीएच्याच मालकीचे होते. थोरल्या भावानं धाकट्या बहिणीची फी भरावी, तसं. आणि पहिल्या वर्षी पास झाली नाही म्हणून शाळेतून काढलं नाही.

अमेरिका लांब आहे, त्यांच्याकडं पैसा आहे, असं म्हणाल. मग आपलं क्रिकेट घ्या. 22 मे 2018 ला मुंबईत आयपीएलच्या प्लेऑफच्या दिवशी दुपारी बायकांची एक प्रदर्शनी मॅच ठेवली होती. एकच. स्टेडियम बऱ्यापैकी रिकामं. 2019 ला जयपूरला तीन संघ झाले. 2020 ला शारजात, 2022 ला पुण्यात. कोरोनाचं 2021 तेवढं हुकलं. आणि 2023 ला डब्ल्यूपीएल आली तेव्हा पाच संघ विकले गेले जवळपास 4670 कोटींना. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी एकदिवसीय विश्वचषक उचलला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले.

आता ताळा करा. कबड्डीनं 2016 ला तीन संघांची लीग केली. क्रिकेटनं 2018 ला फक्त एक मॅच केली. म्हणजे कबड्डी दोन वर्षं पुढं होती! फरक इतकाच पडला की एकानं दुसऱ्या वर्षी पुन्हा तंबू ठोकला आणि दुसऱ्यानं गुंडाळला.

खो-खोचं पण तेच. 2022 ला अल्टिमेट खो-खो लीग निघाली, तिचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचे. आणि जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिला विश्वचषक झाला तेव्हा? पुरुषांनी नेपाळला 54-36 नं हरवलं, मुलींनी नेपाळलाच 78-40 नं. कॅप्टन प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. मराठवाड्याच्या पोरी जग जिंकून आल्या, पण त्यांच्या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये त्यांच्यासाठी संघ नव्हता.

आपल्या भागाचं सांगायचं तर खेळ जगवणं आपल्याला येत नाही असं मुळीच नाही. माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल पिढ्यान् पिढ्या होते. लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत होते. नांदेडला गुरुगोविंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा कितीतरी दशकं चालू आहे. दुष्काळ असो, निवडणूक असो, लोक वर्गणी काढतात, स्पर्धा घेतात. याच वातावरणातून रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार निघाले, काका पवार निघाले. पैलवानाला माहीत असतं, पुढच्या यात्रेत फड लागणारच आहे. त्या खात्रीवर तो वर्षभर माती अंगाला लावतो.

पोरींच्या खेळाला ही यात्रा कधी मिळालीच नाही. त्यांच्यामागं होती शाळा, एखादं क्रीडा मंडळ आणि पदरचे पैसे घालणारे एखादे सर किंवा बाई. शाळा दहावीला संपते. मग आपला लातूर पॅटर्न सुरू होतो. खेळ उरतो सवलतीच्या गुणांपुरता. ज्या फार चांगल्या खेळतात त्या रेल्वेत लागतात, पोलिसात लागतात, पाच टक्के आरक्षणातून नोकरी मिळवतात. सारिका सुद्धा तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. नोकरी वाईट नाही, आपल्या घरांत तर तीच देवासारखी. पण ती मिळेपर्यंत, म्हणजे सोळा ते बावीस या वयात, पोरीच्या हाताशी काय असतं? पुरुष खेळाडूला त्या वयात लिलावाची आशा असते. हिला स्थळं यायला लागलेली असतात.

आणि जिंकल्यावर आपण काय करतो? बक्षीस जाहीर करतो. 2012 ला केलं, 2025 च्या विजयानंतर पण केलं. बक्षीस द्यायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण टँकर आणि विहीर यातला फरक लातूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. ज्या पोरी विश्वचषकापर्यंत पोचल्या त्यांना टँकर मिळाला. ज्या वाटेत होत्या त्यांचं काय?

म्हणून मागणी साधी आहे. राज्यानं आणि कबड्डी, खो-खोच्या संघटनांनी मिळून मुलींची एक लीग काढावी. आठच संघ असू द्या, जिल्ह्यांच्या नावाचे. मॅच लातूरच्या, नांदेडच्या, धाराशिवच्या मैदानावर व्हाव्यात. खेळाडूला हंगामापुरतं का होईना, ठरलेलं मानधन असावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्याच दिवशी पाच वर्षांचं लिहून द्यावं. प्रेक्षक पहिल्या वर्षी येणार नाहीत. 2018 ला मुंबईत पण आले नव्हते. बोलावणं दर वर्षी आलं की लोक येतात, यात्रेला येतात तसे.

ती आमच्या गल्लीतली पोर. अकरावीला क्लास लागले, सकाळची प्रॅक्टिस सुटली. एक-दोन वर्षं तिनं मला विचारलं, "काका, यंदा पोरींची लीग कधी आहे?" नंतर विचारायचं सोडलं. आज ती फार्मसी करून औषधाच्या दुकानात बसते, चांगलं चाललंय तिचं. परवा गोळ्या आणायला गेलो तर दुकानातल्या टीव्हीवर पुरुषांची जुनी मॅच लागली होती. गोळ्या मोजता मोजता तिची नजर तिकडंच होती. म्हणाली, "काका, हा डावा कोपरा उशिरा निघाला बघा. मी धरलं असतं त्याला."

मी मान डोलावली. धरलं असतंच तिनं.