आपली गोष्ट, आपल्याच तोंडून : जलशापासून ‘फकिरा’पर्यंत



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत नाटकावर लेख पाहून काही ज्येष्ठ उपासकांना जरा नवल वाटेल. विहारात वंदना व्हावी, धम्मप्रवचन व्हावे, पोरांचे संस्कार वर्ग व्हावेत. नाटकाचे इथे काय काम, असे कुणी विचारलेच तर त्यात चूक नाही. पण आमचे म्हणणे असे की यावलसारख्या तालुक्याच्या गावी, सातपुड्याच्या पायथ्याशी, ज्या आपल्या आज्या-पणज्यांनी पाटी कधी हातात धरली नाही, त्यांना बाबासाहेबांचा विचार पुस्तकातून कळला नाही. तो ऐकून कळला, पाहून कळला. आपल्यासारखाच माणूस गॅसबत्तीच्या उजेडात उभा राहून बोलला, तेव्हा कळला. म्हणून हा इतिहास या पानांवर यावा, असे आम्हाला वाटले.

आधी धम्माचेच पाहू. संस्कृतातली आज हाती असलेली सर्वात जुनी नाटके एका बौद्ध कवीची मानली जातात. त्या कवीचे नाव अश्वघोष, काळ साधारण कनिष्क राजाच्या आसपासचा. मध्य आशियात ताडपत्रांचे जीर्ण तुकडे सापडले आणि जर्मन पंडित हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९११ साली ते छापून जगापुढे मांडले. त्यातल्या एका नाटकाचे नाव ‘शारिपुत्रप्रकरण’. विषय कोणता? सारिपुत्त आणि मोग्गल्लान तथागतांच्या संघात कसे आले, हा! म्हणजे धम्माची गोष्ट रंगमंचावर सांगण्याची रीत आजकालची नव्हे. आता अष्टशीलात नाच, गाणे, तमाशे पाहण्यापासून दूर राहण्याचे शील आहे, हे खरे. पण ते उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्यांसाठी आणि भिक्खूंसाठी आहे. रोजच्या पंचशीलात ते नाही. तेव्हा पौर्णिमेचा दिवस सोडून नाटक केले, तर शीलभंग होत नाही. प्रश्न नाटकाचा नाहीच. प्रश्न हा की नाटक कुणाचे, ते करतो कोण आणि कुणासाठी.

आपल्या लोकांना कला नवी नव्हती. ढोलकी, हलगी, तुणतुणे आपल्याच घरच्या खुंटीवर होते. तमाशाच्या फडात महार-मांगांचीच माणसे नाचत होती, गात होती, सोंगाड्या होऊन हसवत होती. पण ती कला गावाच्या करमणुकीची होती. फडात टाळ्या घेणारा कलावंत सकाळी गावकुसाबाहेरच असायचा, पाणवठ्यावर त्याला जागा नव्हती. महाडच्या सत्याग्रहासाठी पट्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि आयाबायांना नाचवून मिळालेला तो पैसा बाबासाहेबांनी घेतला नाही, ही हकीकत आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याचा अर्थ बाबासाहेबांना कलेचे वावडे होते, असा कुणी काढू नये. कलेतून माणूस उभा राहिला पाहिजे, वाकला नाही पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्याच्या तोंडून आपली गोष्ट

इथे थोडे दूर, अमेरिकेत जाऊन येऊ. त्या देशाशी आपले जुने नाते आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच गुलामगिरीवर हॅरिएट बीचर स्टो या बाईंनी लिहिलेली ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने आली. पहिल्या वर्षातच तिच्या तीन लाखांच्या आसपास प्रती अमेरिकेत खपल्या. लगेच त्याच वर्षी ती रंगमंचावरही आली आणि पुढे कित्येक दशके गावोगावी तिचे खेळ होत राहिले.

पण टॉमची भूमिका कोण करीत होते? गोरे नट! जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायची आणि काळा गुलाम व्हायचे. गंभीर नाटकात टॉमची भूमिका काळ्या माणसाला मिळाली ती १८७८ साली, सॅम लुकस या नटाला. म्हणजे पुस्तक आल्यावर २६ वर्षांनी, गुलामगिरी कायद्याने संपल्यावर १३ वर्षांनी. मधल्या काळात काय झाले? कादंबरीतला टॉम दोन बायांचा ठावठिकाणा मालकाला सांगत नाही, त्यापायी फटके खाऊन मरतो. खेळ करणाऱ्यांनी त्याचा हळूहळू वाकलेला, हांजी-हांजी करणारा म्हातारा करून टाकला. शेवटी काळ्या लोकांतच ‘अंकल टॉम’ ही शिवी झाली. दुसऱ्याच्या तोंडून आपली गोष्ट सांगितली गेली की तिचे असे होते.

आपल्याकडेही १९३६ साली ‘अछूत कन्या’ चित्रपट आला. हेतू चांगला होता, लोकांनी तो डोक्यावर घेतला. पण अस्पृश्य मुलगी झाली होती देविका राणी. पडद्यावर आपले दुःख होते, आपले माणूस मात्र नव्हते. कणव मिळाली, आवाज मिळाला नाही.

जलसा : आपलाच शाहीर, आपलेच बोल

आवाज मिळाला तो जलशातून. त्याची मुळे फुल्यांपर्यंत जातात. ज्योतिबांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. शेतकरी जोडप्याला भट कसा नाडतो आणि विद्या हाच तिसरा डोळा कसा, हे त्यात आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि छापून यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे ते नाटक कागदातच राहिले! पण पुढे सत्यशोधक जलसे निघाले आणि बहुजनांच्या दारात विचार गाऊ लागले.

त्याच वाटेने आंबेडकरी जलसा आला. नाशिककडचे शाहीर भीमराव कर्डक यांनी १९३० नंतरच्या काळात नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला आणि गावेच्या गावे पालथी घातली. त्यांनी स्वतः तो सगळा इतिहास ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात लिहून ठेवला, ते पुस्तक १९७८ साली आले. आमच्या तरुणांनी ते मिळवून जरूर वाचावे.

जलशाने केले काय? साचा तमाशाचाच ठेवला, आतला जीव बदलला. देवादिकांच्या गणाच्या जागी बाबासाहेबांना आणि चळवळीला वंदन आले. गौळण गेली. बतावणीत सावकार, भट, तलाठी आले. वगात मेलेले ढोर ओढू नका, पोरं शाळेत घाला, पाणवठ्याचा हक्क घ्या, हे विषय आले. काम करणारे सगळे राबते लोक. दिवसा हमाली, गिरणी, मजुरी, रात्री जलसा. ना पडदा, ना रंगभूषा. बायकांची कामेही पुरुषच करीत. समोर सतरंजीसुद्धा नसायची, मातीत बसून माणसे पहाटेपर्यंत ऐकायची. ऐकणाऱ्याला ओळखीचा माणूस दिसायचा. ‘हा तर आपल्यातलाच, हा बोलू शकतो तर मी का नाही?’ असे मनात यायचे. भाषणाने पटते, पण आपल्यातला माणूस उभा राहिलेला पाहिला की धीर येतो.

यानंतरचा मोठा टप्पा ‘युगयात्रा’चा. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली महाविद्यालय काढले, तेच आपले मिलिंद महाविद्यालय. तिथले प्रा. म. भि. चिटणीस यांनी युगायुगांतल्या अस्पृश्यांचा प्रवास मांडणारे हे नाटक लिहिले. १९५५ साली ते खुद्द बाबासाहेबांच्या समोर झाले. पुढे १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. कुणी नामांकित कंपनी आणली नव्हती. आपल्याच घरची, पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेली पोरं त्यात उभी होती. ज्यांच्या बापाला गावच्या चावडीवर बसता येत नव्हते, ती पोरं लाखोंच्या चळवळीपुढे आपला इतिहास बोलत होती. दलित रंगभूमी पुढे वाढली, तिचा पाया हा.

आता कादंबरीकडे

कादंबरी हा प्रकार आपल्या तालुक्याला परका नाही. मराठीत गाजलेली ‘कोसला’ (१९६३) लिहिणारे भालचंद्र नेमाडे आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांना २०१४चा ज्ञानपीठ मिळाला. इथल्या मातीतली बोली पुस्तकात शोभते, हे त्यांनी दाखवून दिले. पण वस्तीतल्या घराघरांतून आजही जाड कादंबरी वाचणारे किती? म्हणून आमची सूचना अशी की आपल्या तरुण मंडळाने एक कादंबरी वाचून, बसवून, वस्तीपुढे उभी करावी. आणि ती असावी अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’.

अण्णाभाऊंचा जन्म वाटेगावचा, १ ऑगस्ट १९२०चा. शाळा दीड दिवसाची. मुंबईला पायी आले, गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढले. त्यांनी तमाशाला लोकनाट्य केले; गणात श्रमिकांना मुजरा घातला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांनीच केले. ‘फकिरा’ १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, १९६३ साली चित्रपट निघाला. आणि ही कादंबरी अण्णाभाऊंनी अर्पण केली आहे ती बाबासाहेबांच्या लेखणीला.

कथा थोडक्यात अशी. गावाची जत्रा भरावी म्हणून राणोजी मांग शिगावची जोगणी वाटेगावला आणतो, त्यात त्याचा जीव जातो. त्याचा मुलगा फकिरा. दुष्काळ पडतो, माणसे भुकेने तडफडतात, तेव्हा फकिरा धान्य लुटून उपाशी लोकांना वाटतो, सरकारी खजिना लुटतो. आणि आपल्यापायी आपली माणसे कोंडली गेली, हे कळल्यावर स्वतः सरकारच्या हवाली होतो. ज्या जमातींना इंग्रजांनी कायद्याने गुन्हेगार ठरवले, ज्यांना चावडीवर हजेरीला उभे केले, त्यांच्यातला हा नायक. तो दया मागत नाही.

कुणी म्हणेल, फकिरा मातंग समाजाचा, आपण बौद्ध. आपण का करावे? आम्ही म्हणतो, म्हणूनच करावे. लेखकाने आपले पुस्तक बाबासाहेबांना वाहिले, आपण त्याचे पुस्तक वस्तीत आणले का? जयंत्या वेगळ्या, मिरवणुका वेगळ्या, मधे एकच रस्ता आणि तरी येणे-जाणे कमी. फकिराची भूमिका मातंग वस्तीतल्या पोराने करावी, राणोजीची आपल्या पोराने करावी, दोन महिने तालमी एकत्र व्हाव्यात. चहा एका किटलीतला व्हावा. भाषणांनी जे जुळत नाही ते तालमीत जुळते.

करायचे कसे? सगळी कादंबरी मंचावर येत नाही, आणायचीही नाही. जोगणीचा प्रसंग, दुष्काळाचा प्रसंग आणि शेवटचा प्रसंग, असे तीन निवडावेत. मधला दुवा शाहिराने गाऊन आणि सांगून जोडावा. जलशाची रीत तीच होती. बोली आपली खानदेशी ठेवली तरी चालेल. बायकांची कामे बायकांनीच करावीत, आता सोंग घ्यायची गरज राहिलेली नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसवून संवाद ऐकवावेत, पाठ करून घ्यावेत. कायद्याचेही पाहावे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो आणि अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत रीतसर परवानगी घ्यावी लागेल. जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही लागते.

एकदम एवढे झेपत नसेल तर आधी अर्ध्या तासाचे करावे. गोष्ट आपल्या जळगाव जिल्ह्यातलीच आहे. १९२९च्या ऑक्टोबरात बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. पण महाराला घेऊन टांगा हाकायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक बसला, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर टांग्याचे चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आणि १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या पुस्तिकेत ते छापले. एक टांगा, चार माणसे, एक पूल. एवढ्यात जातीचा सगळा कारभार दिसतो. ज्या अडाणी हातांनी मानाने बाबासाहेबांना नेऊ पाहिले, त्या माणसाची भूमिका आपल्यातलाच कुणी करील, तेव्हा बघणाऱ्यांचे डोळे कोरडे राहणार नाहीत.

आज जयंतीला भाड्याचा साउंड येतो, भाड्याचा ऑर्केस्ट्रा येतो. पोरं नाचतात, रात्र संपते, वर्गणीही संपते. हात आपले, पैसा आपला, आवाज मात्र दुसऱ्याचा. कर्डकांकडे यातले काहीच नव्हते आणि तरी त्यांनी गावे जागी केली. आपल्याकडे विहाराचे पटांगण आहे, शिकलेली पोरं-पोरी आहेत, ऐकणारी माणसे आहेत. येत्या वर्षावासात विहारात ‘फकिरा’चे जाहीर वाचन सुरू करावे, रोज दहा पाने. मातंग वस्तीला रीतसर बोलवावे. वाचता वाचता कोण कोणती भूमिका करील ते आपोआप ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!